झिलेच्या बाजूचा कान

पहिली पाळी सुटली की जोसेफच्या अंगात गाडी गाठण्यापुरतंच बळ उरायचं. रोह्याच्या कंपनीत कंप्रेसरशेजारी दिवसभर उभं राहिलं की ती घरघर माणसाच्या डोक्यात भाडेकरूसारखी राहायला येते. निघ म्हटलं तरी निघत नाही. त्या शुक्रवारी तो पेणकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसला, डब्याची पिशवी मांडीवर घेतली आणि खिशातून इअरफोनचा गुंता काढला. डावी बाजू कानात घातली. उजवी मेलेली होती, ती गळ्यात लोंबत राहिली.

फोनमध्ये त्याचं स्वतःचंच जुनं कीर्तन होतं. पेणच्या प्रार्थनालयाच्या अंगणात केलेलं, एलियाहू संदेष्ट्याचं आख्यान. देवाचं काम करून करून थकलेला तो म्हातारा रानात जातो, एका झुडपाखाली आडवा होतो आणि म्हणतो, पुरे झालं देवा, आता ने मला. आणि देव त्याला रागे भरत नाही. उशाशी भाकरी ठेवतो, पाण्याचा चंबू ठेवतो. कोकणातल्या बेने इस्राएल यहुदी घरांतून हे आख्यान किती पिढ्या ऐकलं गेलं असेल! टाळ तेच, पेटी तीच, मराठीही आपली तीच. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावायची जागासुद्धा ठरलेली.

जोसेफच्या कानात जोसेफ गात होता, ‘दमल्या जिवाची शिदोरी घेऊन...’

आणि मग काहीच नाही. लांबून कुठूनतरी टाळ झिरपल्यासारखा यायचा, आणि पुन्हा तोच, ‘दमल्या जिवाची शिदोरी घेऊन...’

ओळीचा उरलेला अर्धा भाग झिलकऱ्यांचा. बुवाने ओळ उचलायची आणि मागच्यांनी ती झेलून पुरी करायची, ही झील. तेवढ्या वेळात बुवा श्वास घेतो, घोटभर पाणी पितो, पुढचं आठवतो. झील नसेल तर कीर्तन म्हणजे एकट्याने ओढलेलं जाळं. त्या दिवशी झिलकऱ्यांचा माईक बंद पडला असणार, असं जोसेफ धरून चालला होता. महिनाभर तो रोज ही अर्धी ओळ ऐकत होता आणि रोज थोडा जास्त थकत होता.

कारण रेबेकामावशीला उत्तर द्यायचं होतं. प्रार्थनालयाची किल्ली तिच्याकडे, आणि कुणी काय करायचं ते ठरवण्याचा मानही. गाडीने नागोठणं सोडलं न सोडलं तोच तिचा फोन आला.

“काय रे जोसेफ, आज प्रार्थनेला येशील तेव्हा एक काय ते सांग. हनुक्काच्या सणाला, दिव्यांना कीर्तन करतोस का नाय?”

“मावशी, अगो माणसं किती उरलीत आपली? गाणार कोणासाठी?”

“मी उरलेय ना! मी काय मेलेय? पेटीवाला विठू गागोद्याहून पेटी घेऊन येतो म्हणालाय. वालाच्या शेंगापण आणणार हाय.”

“शेंगा काय झील धरणार?”

“तुझी जीभ दमलेली दिसत नाय कुठं,” असं म्हणून मावशीने फोन ठेवला.

जोसेफ हसला नाही. उत्तर त्याचं ठरलं होतं. झील धरणारा त्याचा मुलगा एलियाह तीन वर्षांमागे इस्रायलला गेला. अश्दोदच्या एका गोदामात कामाला लागला. फोन केला की म्हणायचा, “बरं हाय बाबा. तुम्ही बरे?” पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. बाप लेकाला विचारायचा, जेवलास का. लेक बापाला विचारायचा, पाळी कुठली. संपलं. आता संध्याकाळी मावशीला नाही म्हणायचं. एकदा नाही म्हटलं की यापुढे कुणी विचारणारही नाही, हे त्याला कळत होतं. खिडकीबाहेर कापलेल्या खाचरांत वाल वर आला होता. तो बघत त्याने गडब गाव मागे टाकलं.

पेण स्टेशनबाहेर मुलगी सारा स्कूटर घेऊन उभी होती.

“बाबा, चला लवकर. संध्याकाळच्या दिव्यांच्या आधी दुकान उरकायचंय.”

“आजच?”

“आजच! एल्या वाट बघतोय. शुक्रवारची सुट्टी असते त्याला.”

शुक्रवारची दुपार ही भावंडांची. तो तिकडून, ही इकडून, एकाच खेळात शिरायची, बंदुका घेऊन पळायची. खेळता खेळता एलियाह जे बोलायचा ते फोनवर कधी बोलायचा नाही. खोलीतला मित्र कसा घोरतो, मुकादम कसा आहे, तिथल्या भाकरीला आपल्या तांदळाच्या भाकरीची चव कशी नाही. सूर्य मावळायला आला की सारा कॉम्प्युटर बंद करायची, कारण शब्बाथ, आठवड्याचा विसाव्याचा दिवस, लागायचा. आई गेल्यापासून घरातले दिवे तीच लावते. गेल्या पंधरवड्यात तिच्या हेडफोनचा माईक तुटला आणि खेळ बसला. इकडे बापाचा इअरफोन अर्धा मेलेला. दोन घ्यायची ऐपत नव्हती. एकच घ्यायचा आणि तीन कामं काढायची, तिचा खेळ, तिची गाणी आणि बापाचा प्रवास, असं सारानेच ठरवलं होतं.

दुकान निकेशचं, बाजारपेठेतलं. निकेश हसऱ्या तोंडाचा.

“या काका! हा बघा, रंगीत लाईटवाला. गेमवाली पोरं यावर जीव टाकतात.”

“लाईट कशाला रे? कानाला दिसतं काय?”

“स्टाईल असते काका.”

“माझ्या स्टाईलला तो कंपनीतल्या टोपीखाली जायला हवा.”

साराने लाईटवाला बाजूला सारला. निकेशने बिनवायरचा काढला, गुबगुबीत, डोक्यावरून घ्यायचा. गाणं लावून साराच्या कानांवर चढवला. तिने मान डोलावली आणि लगेच उतरवला.

“गाण्याला झकास. खेळाला नको. यात आवाज मागून येतो. गोळी लागून मरून पडले की मग ऐकू येतं ठो.”

“एवढा उशीर?”

“एवढासा. पण तेवढ्यात मरतो माणूस.”

जोसेफनेही तो लावून पाहिला. ढोल छातीवर बसल्यासारखा वाजला. “यात गाणारा कुठाय? नुसता तबलजी जेवून उठलाय.”

निकेश हसला. “बेस म्हणतात त्याला काका. लोक मागतात.”

“मागू देत. मला शब्द हवेत. आणि हा रोज चार्ज करायचा? मी माझं मलाच चार्ज करू शकत नाय.”

शेवटी निकेशने खालच्या कप्प्यातून एक साधा काळा खोका काढला. वायरवाला, मऊ गाद्यांचा, माईक काढता-घालता येणारा. गाडीत माईक काढून पिशवीत टाकायचा, घरी खेळाला लावायचा. कॉम्प्युटरला आवाजाचं आणि माईकचं अशी दोन भोकं, म्हणून दोन तोंडांची छोटी वायरही सोबत होती. किमतीवरून सारा आणि निकेशची थोडी झटापट झाली. तेवढ्यात जोसेफने वायर आपल्या फोनला जोडली, हेडफोन डोक्यावर चढवला आणि गाडीत थांबवलेलं कीर्तन पुढे सोडलं.

‘दमल्या जिवाची शिदोरी घेऊन...’

‘देव उशाशी उभा!’

जोसेफने चमकून उजवीकडे पाहिलं. उजवीकडे मोबाइलच्या कव्हरांची रांग होती.

ओळ पुन्हा आली, आणि पुन्हा उजव्या कानाशी चार-पाच गळ्यांनी ती झेलली. त्यांत एक गळा कोवळा, नुकता फुटू लागलेला, मधेच चिरकणारा आणि तरी सगळ्यांच्या पुढे धावणारा. एलियाहचा. टाळ चोख. मागे कुणीतरी खोकत होतं, ते जोसेफच्या गेलेल्या बायकोचं खोकणं.

“बाबा, काय झालं?”

त्याने एक बाजू उचलून तिच्या कानाशी धरली. सारा ऐकत राहिली.

“एल्यानेच केलंय हे,” ती म्हणाली. “जायच्या आधी रात्रंदिवस कॉम्प्युटरवर बसला होता ना, तेव्हा. म्हणत होता, बाबा डावीकडे ठेवतो, झील उजवीकडे. अंगणात बसून ऐकल्यागत वाटायला हवं. तुम्हाला नाय सांगितलं?”

सांगितलं असेल. त्या दिवसांत जोसेफ मुलाचं काहीच नीट ऐकत नव्हता. तो गेल्यावर ते कीर्तन त्याने उघडलंच नव्हतं, आणि महिन्यापूर्वी उघडलं ते मेलेल्या इअरफोनने.

“हाच दे,” तो निकेशला म्हणाला. निकेशने खोका बांधला.

घरी पोचेपर्यंत उन्हं कौलांवरून उतरली होती. जोसेफने हातपाय धुतले आणि बाजल्यावर पाठ टेकली. दमणूक कुठे गेली नव्हती, पोटऱ्या ठणकत होत्या. आतून साराचा आवाज येत होता. “मागं बघ, अरे मागं! मेलास ना शेवटी, भोपळ्या!” मग ती खिदळली. पंधरवड्यानंतर घरात तो आवाज होता.

थोड्या वेळाने ती दारात आली. “बाबा, मी दिव्यांची तयारी करते. एल्या आहे अजून. बोला.”

“मी काय बोलू? जेवलास का विचारू?”

“नका विचारू. मीच विचारलंय. जेवला.”

ती पेल्यांत पाणी आणि वर खोबरेल तेल ओतायला गेली. जोसेफ खुर्चीवर बसला. पडद्यावर एक शिपाई भिंतीआड स्वस्थ उभा होता. त्याने हेडफोन डोक्यावर घेतला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

“एल्या.”

थोड्या वेळाने आलं, “बाबा? तुम्ही खेळताय?”

“मी कसला खेळतोय.” त्याने डोळे मिटले आणि माईकच्या बोंडाशी तोंड नेऊन, ज्या हळू आवाजात घरात गातात त्या आवाजात, ओळ उचलली.

“दमल्या जिवाची शिदोरी घेऊन...”

आणि थांबला.

काही आलं नाही. कंप्रेसरची घरघर मात्र आली, हजर असल्यासारखी. विसरला असेल. तीन वर्षं म्हणजे काय थोडी? लाजही वाटत असेल, खोलीत मित्र असेल. जोसेफने हेडफोन काढायला हात वर नेला.

“देव उशाशी उभा.”

गळा आता जाड झाला होता, पण ओळीवर धावून जाणं तेच.

“उशीर केलास,” जोसेफ म्हणाला.

पुन्हा तेवढीच शांतता. मग, “मी नाय केला. इथून तिथं पोचायला वेळ लागतो बाबा. तुम्ही ‘घेऊन’वर लगेच तोंड मिटता. जरा लांबवा की. मी येतोच.”

जोसेफने ‘घेऊन’ लांबवलं. दम पुरेना, तरी लांबवलं, आणि तो संपता संपता झील येऊन पोचली. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. तिसऱ्यांदा पलीकडे एलियाहच गडबडला आणि दोघंही हसले. मग तो आपणहून सांगू लागला, की गोदामात पाठ फार धरते, की आल्यापासून तो कुठे गायलाच नव्हता. जोसेफने ऐकलं.

“बाबा,” सारा दारात उभी होती, हातात काडेपेटी. “सूर्य टेकला.”

“जा बाबा,” एलियाह म्हणाला. “इथं अजून दुपार हाय. उद्या रात्री परत बसू.”

साराने कॉम्प्युटर बंद केला. हेडफोन कीबोर्डशेजारी ठेवला. आता उद्या चांदण्या दिसेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नव्हतं. दिवे लागले.

प्रार्थनालयाच्या पायरीवर रेबेकामावशी किल्ली कमरेला खोचून उभी होती.

“बोल. व्हय की नाय?”

“व्हय,” जोसेफ म्हणाला. “पण एक स्टूल ठेव. उभ्याने सगळं नाय व्हायचं माझ्याच्यान.”

“बुवा कधी बसून कीर्तन करतो व्हय रे?”

“दमलेला करतो.”

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “बरं, ठेवते स्टूल. आणि झील? ती कोण धरणार?”

“विठूच्या पेटीशेजारी साराचा कॉम्प्युटर मांडू. एक धरणारा हाय लांबचा,” जोसेफ म्हणाला आणि चपला काढायला वाकला. वाकताना कंबर दुखली, तशी पायरीला हात टेकून तो क्षणभर थांबला. “उशिरा धरतो. पण धरतो.”