बसुमतीची आंघोळ

हळद. गवंड्याची थापी. आंब्याला बांधलेला झोका. एक पालथा दगड, त्यावर साबणाची वडी. जळक्या वायरचा वास.

मित्रांनो, यातला दगड म्हणजे मी. ओडिशात केंद्रापाड्याजवळच्या एका घरातला जुना पाटा.

मयूरभंजच्या डोंगरातून मला फोडून काढलं. पाथरवटाने अंगभर टाकीचे घाव घातले, तेव्हा कुठे मी पाटा झालो. हारामणीने चाळीस वर्षं माझ्यावर मोहरी वाटली, उडीद वाटले, पिठा या सणाच्या पक्वान्नाचे तांदूळ वाटले. तिच्या कितीतरी बांगड्या माझ्या कडेवर फुटल्या. पाहुणे मोहरीतल्या माशांची तारीफ करत. ती हारामणीची असे, आणि ते बरोबरच होतं.

वर्षातून तीन दिवस मात्र मला कोणी शिवत नसे. ज्येष्ठाच्या अखेरीस रजाचा सण येतो, धरणीला पाळी येते. नांगर उभा राहतो, मुली झोक्यावर बसतात, पाटा भिंतीला टेकतो. चौथ्या दिवशी मला बसुमती म्हणायचं, हळद लावून न्हाऊ घालायचं, कुंकू लावायचं, फूल वाहायचं. एरवी पाटा, त्या दिवशी धरणीमाता. त्या तीन दिवसांवर मी उरलेलं वर्ष काढत असे.

मग मिक्सर आला. आता बारा महिने विसावा. कामाचा शीण विसाव्याने जातो, मित्रांनो. विसाव्याचा शीण कशाने जातो, मला अजून कळलेलं नाही.

सून लिपिकाने मला हापशापाशी पालथं टाकलं. पाठीवर धुणं आपटलं जाऊ लागलं. सणाला तेवढी हारामणी मला उलथून घेई, न्हाऊ घाली. यंदा तिचे गुडघे गेले. आणि ठरलं, की रज संपलं की गवंडी येणार, मला पालथाच न्हाणीत सिमेंटने बसवणार. म्हणजे तोंड कायमचं जमिनीत.

रजाच्या दुसऱ्या दिवशी लिपिकाची नणंद आली. आधी वाटून ठेवलेली मोहरी पुरेना. आत मिक्सर घरघरला.

"सणाचं वाटण काढलंस, सूनबाई?" ओसरीवरून हारामणी म्हणाली.

"पाट्याला शिवले नाही मी, बोऊ. हे यंत्र आहे. त्याला कसली पाळी?" लिपिका म्हणाली. सासूला ती बोऊ, म्हणजे आई, म्हणे.

"दमतं का ते?"

"गरम होतं."

"झालं तर. ज्याला दमवलंस, त्यालाच चौथ्या दिवशी न्हाऊ घाल. तो पालथा काय, माझ्यासारखा सुट्टीवरच आहे."

नणंद हसली. लिपिकाही हसली, पण सणाचं काही चुकलं तर घराला बाधेल, ही धास्ती तिच्या मनात राहिली असावी. कारण चौथ्या दिवशी तिने खरंच मिक्सर अंगणात आणून चौरंगावर मांडला. हळद लावली. तांब्याभर पाणी ओतलं. मग आणखी एक तांब्या. कुंकू, मोगरा.

मी शेजारीच पडलो होतो. हळदीचा ओघळ माझ्या कडेपर्यंत आला. यंदाची आंघोळ तेवढीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, आणि धूर.

"बोऊ, मला अडवायचं तरी."

"मला वाटलं, भांडं धुशील. मोटरीच्या डोक्यावर पाणी ओतशील, हे कुठे ठाऊक होतं?"

गवंडी दारात उभा होता. लिपिकाने त्याचीच पहार घेतली आणि मला उलथलं. खाली गोगलगायी होत्या. माझं तोंड धुऊन तिने मोहरी घेतली, वरवंटा फिरवला. टाकीचे घाव झिजलेले. दाणे नुसते पळत होते.

हारामणी भिंत धरत आली, कण्हत बसली आणि वरवंट्यावरच्या सुनेच्या हातावर हात ठेवला. "असा तिरपा. अंग टाक त्याच्यावर. टाकीवाला येईपर्यंत असंच."

"न्हाणीचं काय करू मग?" गवंड्याने विचारलं.

"दुसरी फरशी आण," लिपिका मान वर न करता म्हणाली. "हा कामावर आहे."

मिक्सर दुरुस्त होऊन येईल. मी पुन्हा भिंतीला लागेन, आणि खरं सांगायचं तर आता माझ्यानेही फार होत नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. ज्याने तुमच्यासाठी झीज सोसली, त्याला न्हाऊ घातलं नाही तरी चालेल. पालथं टाकू नका.

माझ्यावर पहिल्यांदा वाटली गेली ती हारामणीच्या लग्नाची हळद.