भिवपुरीचा सा

चंद्रभागेला सप्तकातल्या बावीस श्रुतींची नावं तोंडपाठ होती. त्यांतली एखादी कानाने ओळखता येते का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

वडील धर्माजी भिवपुरीच्या पावरहाउसमध्ये फिटर. पाळी संपली की क्वार्टरमध्ये मांडी घालून व्हायोलिन घेऊन बसत. त्रेपन्न सालापासून घासत घासत एकसष्टला रेडिओवर पोचले. पुढे पुणं, इंदूर, नागपूर. पंधरा वर्षं त्यांच्या मागे तानपुऱ्यावर चंद्रभागाच. घरी तानपुरा तीच लावायची, आणि चोख लावायची. कार्यक्रमाला मात्र बाबा "प्रवासात दमलीस" म्हणून तो काढून घेत आणि स्वतः लावत. केवढी ही माया, असं तिला वाटे.

त्र्याऐंशीत ते गेले. कर्जतच्या शाळेत त्यांच्या आठवणीची सभा ठरली; त्यांचा शिष्य, पोशीरचा जयवंता, वाजवणार होता. तानपुऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं तिने बजावून ठेवलं. बाबांसाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं.

सभेत तिने खुंट्या पिळल्या. बरोबर की चूक, काही कळेना. घरी तर क्षणात कळायचं. समोर दोनशे माणसं. दहा मिनिटं झाली. पुढच्या रांगेत क्वार्टरमधल्या गौराबाई शेजारणीला म्हणाल्या, पोर बापासारखीच चिकित्सक हाय.

जयवंता वाकला. "ताई, हितं नाय लागायचा तुमचा सा. घरी पावरहाउसची घूं चालू असते. गुरुजी तिच्यावरच सा धरायचे, म्हणून तुमचा बी जमायचा."

"बाबांना माहीत होतं?"

"तर. म्हणायचे, चंद्राचा कान पक्का हाय, फक्त पावरहाउस बंद पडू नये."

दमट हवेचा तारांवर होणारा परिणाम, यावर तिच्याकडे वाचलेला अख्खा परिच्छेद तयार होता. तो जिभेवर आलाही. पण तिने तानपुरा त्याच्याकडे सरकवला. गौराबाईंनी मान लांब करून पाहिलं.

चार पिळांत सा लागला. जयवंता पुढे बसला, ती मागे. एवढी वर्षं त्या जागी एकच पाठ पाहायची सवय. ही पाठ रुंद होती, तरणी होती. आलाप सुरू झाला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. तानपुरा मध्येच थांबवता येत नाही. दोनशे माणसांच्या देखत नाक तसंच वाहू देत ती तारा छेडत राहिली.