हिरवी तार

गोंदियाच्या बाजारात मिक्सर दुरुस्त करणारे चौघे होते, पण घुं बेमालूम घालवणारा एकच, इंद्रकुमार. मिक्सर म्हणजे चटणी वाटायचा नव्हे. तो घेऊनही बायका येत, आणि इंद्रकुमार त्यांना हात जोडून समोरच्या दुकानात पाठवी. त्याचे मिक्सर भजनवाल्यांचे, मंडपवाल्यांचे, वाढदिवसाला साऊंड लावणाऱ्यांचे. सहा चॅनेल, आठ चॅनेल, पत्र्याची पेटी, वरती बटणांची रांग. माइक एका बाजूने आत, आवाज दुसऱ्या बाजूने अॅम्प्लिफायरला. आणि अजून कुणी तोंडसुद्धा उघडलेलं नसताना स्पीकरमधून जो बारीक, कंटाळवाणा, डोकं उठवणारा आवाज येत राहतो, तो घुं.

घुं आला की पाहुणे साऊंडवाल्याकडे बघतात, साऊंडवाला मिक्सरकडे बघतो आणि दुसऱ्या दिवशी इंद्रकुमारकडे येतो. आवाज बहुतेक वेळा अर्थिंगच्या भानगडीतून येतो. मिक्सरला एक अर्थ, अॅम्प्लिफायरला दुसरा, आणि दोघांचं आपसात पटत नाही. खरा इलाज म्हणजे सगळं वायरिंग बसून तपासायचं. एवढा वेळ कुणाला आहे? बाकीचे तिघे मेकॅनिक प्लगची तिसरी पिन मोडून टाकत. इंद्रकुमार त्यांना हसायचा. मोडकी पिन गिऱ्हाइकाला दिसते! तो पेटी उघडायचा, प्लगकडून येणारी हिरवी तार जिथे पत्र्याला जोडलेली असते तिथे कापायचा, टोकाला काळी नळी चढवून ती नीट दुमडून ठेवायचा. पेटी बंद, वरून नावाचं गोल स्टिकर. प्लगच्या तिन्ही पिना जागेवर, घुं गायब, गिऱ्हाईक खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हा प्रकार म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की हिरवी तार ही मशीनसाठी नसते, माणसासाठी असते. पेटीत करंट उतरला तर तो तिच्यातून जमिनीत जातो आणि मेन बटण पडतं. तार नसेल तर तो पेटीतच दबा धरून बसतो, कुणी हात लावीपर्यंत. पण सव्वीस वर्षांत काही झालं नव्हतं. ‘आजवर काही झालं नाही’ या चार शब्दांवर आपल्याकडे पूल उभे आहेत, तिथे एका मिक्सरचं काय!

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस दुकानापुढे येऊन उभा राहिला. पंचावन्न-साठचा, वाळलेला, पांढरा सदरा, खांद्यावर सिमेंटचं जुनं पोतं आणि त्यात काहीतरी चौकोनी.

“इंद्रकुमारभाऊ तुमीच का जी?”

“हो, मीच. या, बसा. काय होऊन राहिलं?”

माणसानं पोतं काउंटरवर ठेवलं आणि सुतळी सोडली. आत निळा सहा चॅनेलचा मिक्सर होता, आणि त्याच्या कडेला इंद्रकुमारचं गोल स्टिकर.

“रत्नपालचा मिक्सर आहे. मी त्याचा बाप, सेवकराम. बोदलकसाकडून आलो. आमची पोरगी गेली ना जी, रचना. याचाच माइक धरून गेली.”

बातमी इंद्रकुमारनं ऐकली होती. चहाच्या टपरीवर चार जणांत चर्चाही झाली होती, आणि त्यानंच जाणकारासारखं सांगितलं होतं, “अॅम्प खराब असेल, दुसरं काय?” हा मिक्सर आपल्या हाताखालून गेलेला आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. फेब्रुवारीत एक हसरा पोरगा आला होता, “काका, विहारात कार्यक्रम आहे, घुं गेला पायजे” म्हणाला होता. तोच रत्नपाल.

सेवकरामनं न रडता, एका सुरात सगळं सांगितलं. वर्षावास समाप्तीचा दिवस. सकाळी बायांनी विहाराची फरशी धुतलेली, पुरती वाळलेली नव्हती. चपला अर्थातच सगळ्यांच्या बाहेर. रत्नपालचा स्वतःचा अॅम्प्लिफायर आदल्या दिवशी बंद पडला, म्हणून त्यानं मित्राचा जुना आणला, दोन पिनांचा. रचना बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, गाणं तीच म्हणायची. तिनं माइक हातात घेतला आणि गप्प उभी राहिली. लोकांना वाटलं पोरगी लाजली. पुढच्या बायांनी तर टाळ्या वाजवल्या. ती लाजलेली नाही हे रत्नपालच्या लक्षात येऊन त्यानं वायर उपटेपर्यंत सगळं संपलं होतं.

“लाइनमन आला, त्यानं पाहिलं. विहाराच्या बोर्डाची अर्थिंग चांगली निघाली. मिक्सरच्या पिना तिन्ही हायेत, म्हणे मिक्सरचा दोष नाही. दोष त्या दोन पिनाच्या अॅम्पचा. अन् तो आणला कोणं? रत्नपालनं. आता सारा गाव म्हणते, भावानं फुकटचा भंगार आणला अन् बहिणीले मारलं.”

“तुम्ही काय म्हणता?” इंद्रकुमारनं विचारलं. विचारायला नको होतं.

“मी काय म्हणू जी? त्याची माय कुसुमबाई त्याच्या हातचं पाणी घेत नाही. पोरगा बारा दिवसांपासून खळ्यावरच्या झोपडीत पडून आहे. रविवारी पोरीचं पुण्यानुमोदन आहे. माय म्हणते, तो वंदनेले बसन तं मी नाही बसत. भावानं बहिणीच्या फोटोपुढं मेणबत्ती लावाची का नाही, हे मले ठरवाचं आहे. पोरगा म्हणाला, बाबा, मिक्सर गोंदियाले इंद्रकाकाकडे न्या. ते खोलून पाहतीन. ते म्हणतीन माझी चूक, तं माझी चूक. मले मंजूर.”

इंद्रकुमारनं पेचकस घेतला. चार स्क्रू, मागचा पत्रा निघाला, आणि डाव्या कोपऱ्यात त्याची स्वतःची कारागिरी समोर आली. दुमडलेली हिरवी तार, टोकाला काळी नळी. इतकी नीटनेटकी की दुसऱ्या कुणाची असणंच शक्य नव्हतं.

तरी त्यानं मीटर लावलं. वेळ काढायला माणूस काहीही करतो. एक टोक प्लगच्या अर्थ पिनेला, दुसरं पत्र्याला. तार जुळलेली असती तर मीटर वाजलं असतं. मीटर गप्प.

“वाजाले पायजे होतं का?” सेवकराम वाकून बघत होता.

चोराच्या मनात चांदणं. इंद्रकुमारला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं कळलंय. कळलं काहीच नव्हतं, तो साधा धानकरी माणूस, त्यानं नुसतं विचारलं होतं. तेवढ्यात इंद्रकुमारच्या डोक्यात पोलिस आले, पेपर आला, समोरच्या दुकानातल्या बायका आल्या, लग्नाला आलेली स्वतःची मुलगी आचल आली. तिच्या स्थळाची बोलणी चालू होती. रत्नपालही आला, नाही असं नाही, पण तो सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

“पिन नीट टेकली नाही. पाहतो.” मग तो म्हणाला, “दादा, तेवढे टपरीवर दोन चहा सांगून या ना. माझं नाव सांगा.”

ज्याची पोर जाऊन बारा दिवस झाले त्या माणसाला यानं चहा सांगायला पाठवलं. आणि तो बिचारा “हो जी” म्हणून गेलाही.

पाच मिनिटं पुरली. नळी काढली, तार सोलली, तापलेली सोल्डरगन टेकवली, हिरवी तार पत्र्याला पूर्वी होती तशी पक्की बसली. टाका इतका चांगला उतरला की एरवी त्यानं तो कौतुकानं दोनदा पाहिला असता. त्यावर बोटानं थोडी धूळ फिरवली आणि चार स्क्रू आवळले. सेवकराम परत आला तेव्हा मीटरची टोकं पुन्हा जागेवर होती आणि मीटर खणखणीत वाजत होतं.

“हे पहा दादा. अर्थ बरोबर आहे. मिक्सरमध्ये काही नाही.”

सेवकराम बराच वेळ मीटरचा आवाज ऐकत राहिला. मग खाली बाकावर बसला.

“मंग पोराचीच चूक म्हणा.”

इंद्रकुमार मीटरच्या वायरी गुंडाळू लागला. ‘हो’ म्हणण्याइतका तो वाईट नव्हता आणि ‘नाही’ म्हणण्याइतका चांगला नव्हता. अशी माणसं फार असतात, आणि बहुतेक नुकसान त्यांच्याच हातून होतं.

चहा आला, दोघांनी प्याला. सेवकरामनं पोतं उघडलं, मिक्सर आत सरकवला आणि पुन्हा बाहेर काढला.

“एकदा लावून दाखवा ना जी. घरी काय सांगू मी? चालते म्हणून आपल्या डोळ्यांनं पाहिलं, एवढं तं सांगता आलं पायजे.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. इंद्रकुमारनं प्लग बोर्डात घातला आणि बटण दाबलं.

खट्. मेन स्विच पडला. डोक्यावरचा पंखा गरगरत मंदावला, पाटीवरचा दिवा विझला, दुकान एकदम गप्प झालं.

आणि इंद्रकुमारला कळलं की आपण काय करून बसलो. मिक्सरच्या आत ट्रान्सफॉर्मरची तार कुठेतरी जळून पत्र्याला टेकली होती. रचनाला मारणारा दोष तो होता, आणि तो अजून आतच होता. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही तो आधी शोधला असता. पण स्वतःची चूक लपवायच्या घाईत सव्वीस वर्षं मुरलेल्या मेकॅनिकनं मशीनची चूक शोधलीच नव्हती.

“हे काय झालं?”

“बटण पडलं. पेटीत करंट उतरला होता, तो अर्थमध्ये गेला. असं झालं की बटण पडते.” सवयीनं तोंडातून खरंच निघून गेलं.

सेवकराम वर थांबलेल्या पंख्याकडे बघत होता. शेतात पाणी कुठून कुठे जातं हे उमगणाऱ्या माणसाला वेगळं विज्ञान शिकावं लागत नाही.

“विहाराचीबी अर्थिंग चांगली होती म्हणे लाइनमन. मंग त्या दिवशी बटण काऊन नाही पडलं?”

“पोत्यात आदळला असेल. आता बिघडला असेल बसमध्ये...”

“आता बिघडला अन् पोरगी बारा दिवसांआधी गेली?”

इंद्रकुमारजवळ आणखी थापा होत्या, पण एकही तोंडापर्यंत आली नाही. त्याला स्वतःची किळस आली, आणि ती भीतीपेक्षा मोठी निघाली. तो स्टुलावर बसला आणि खाली मान घालून बोलत गेला. घुं, कापलेली तार, काळी नळी, सगळं. रत्नपालच्या अॅम्पला तीन पिना होत्या तोवर मिक्सरला त्याच्याकडून, दोघांना जोडणाऱ्या वायरीतून अर्थ मिळत होता, म्हणून आठ महिने निभावलं. त्या दिवशी दोन पिनांचा आला आणि तोही आधार गेला. तार जागेवर असती तर दोन पिना असोत की चार, आत्ता पडलं तसं बटण पडलं असतं. पोरगी फक्त दचकली असती.

“म्हणजे रत्नपालची चूक नाही.”

“नाही.”

“पुन्हा एकदा म्हणा.”

“रत्नपालची चूक नाही. माझी आहे.”

सेवकरामनं सदऱ्याच्या खिशातून फोन काढला. पलीकडून लगेच उचलला गेला, जणू पोरगा फोन हातात धरूनच बसला होता. “रत्नपाल, घरी जा,” बाप म्हणाला. “हो, घरात जा. आंघोळ कर. मायले मी येऊन सांगतो.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही बापा, तू नाही,” म्हणताना म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा फुटला, आणि त्यानं फोन ठेवला.

“अशा किती तारा कापल्या जी?”

“मोजल्या नाहीत.”

“कुठं कुठं?”

“मंदिरं, शाळा, मंडळं. सारा जिल्हाच.”

“त्याइले सांगा. आजच सुरुवात करा.”

“सांगतो. आणि तुम्ही पोलिसात द्या मला, दादा. मी नाही म्हणणार नाही. हात जोडतो, मला माहीत नव्हतं असं होईल म्हणून.”

सेवकराम मिक्सर पोत्यात घालत होता. सुतळीची गाठ मारून झाली, तरी तो उभाच राहिला.

“पयल्यांदा मीटर वाजलं नव्हतं. मी चहा सांगाले गेलो तेव्हा तार जोडली का तुमी?”

“हो.”

“पोरीच्या वेळी तुमाले माहीत नव्हतं, हे मी मानतो जी,” सेवकराम सावकाश म्हणाला. “पोराच्या वेळी तं माहीत होतं.”

सेवकरामनं उत्तराची वाट पाहिली, खरोखर पाहिली. मग पोतं खांद्यावर टाकलं आणि तो दुकानाची पायरी उतरून बस स्टँडच्या दिशेनं चालू लागला.