बाही छातीशी

चोराने घाबरून चालत नाही, हे गादीवाल्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. तरीही मैदानाकडेच्या तंबूत बाकावर बसून बुटाची नाडी बांधताना साधी गाठ त्याला पुन्हा पुन्हा सोडावी लागत होती.

राखणदार कुत्र्यांच्या त्या क्लबात 'चोर' ही शिवी नव्हती, तो हुद्दा होता. अंगात जाड चामडी जाकीट आणि डाव्या हातावर तागाची फुगीर बाही चढवून जो आडोशाआड लपतो, पळून जाण्याचा आव आणतो, छडी उगारून कुत्र्याच्या अंगावर धावून जातो आणि अखेर त्याचे दात त्या बाहीवर झेलतो, तो चोर. गादीवाला पोटासाठी गाद्या आणि कोच शिवत असे. परंतु क्लबातले हे नाव त्याला धंद्यावरून पडलेले नव्हते. "कुत्रं त्याच्या अंगावर येतं, ते गादीवर पडल्यासारखं," असे कुणीतरी एकदा म्हणाले आणि तेच कायम झाले.

त्या अलगदपणाचे मर्म एकाच गोष्टीत होते. बाही छातीशी हवी. कुत्रा भरवेगाने झेपावतो तेव्हा हात छातीला लागून असेल, तर तो सारा वेग माणसाच्या अंगात जिरतो. माणूस एक गिरकी घेतो आणि कुत्रा चारी पायांवर सुखरूप उतरतो. हात पुढे निघाला, की वेगाला जिरायला जागाच उरत नाही. मग माणसाचा खांदा जातो, नाही तर कुत्र्याची मान.

हिवाळ्यात एका प्लंबरच्या काळ्या कुत्र्याने बाही चुकवून थेट गादीवाल्याच्या काखेखाली तोंड घातले होते. "जाकीट फाटलं, मी नाही," असे म्हणून तो स्वतःच आधी हसला आणि सगळे त्याच्यामागून हसले. जखम भरली. प्लंबर दुसऱ्या गावी बिऱ्हाड घेऊन गेला, कुत्राही गेला. परंतु बरगडीवर लागलेला तो ऊन श्वास मात्र मुक्कामालाच राहिला. एका रविवारी दुकानाचे दार ओढून घेऊन गादीवाल्याने जाकिटाच्या आत कॅनव्हासचा आणखी एक थर शिवला. त्याने श्वास थांबला नाही. मग सरावाच्या वेळी हात आपोआप पुढे येऊ लागला. आधी बोटभर, नंतर वीतभर. दात अंगापासून जितके दूर, तितके बरे. कुत्री माणसांहून चलाख. बाही आयती पुढे येते म्हटल्यावर तीही लांबूनच झेपावून बाहीचे टोक धरू लागली. क्लबात हे कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण कुत्र्याची परीक्षा असली, की सगळ्यांचे डोळे कुत्र्यावर असतात. चोराकडे कोण पाहतो?

आज परीक्षा होती. दोनच कुत्री उतरली होती, एक बेकरीवालीची कुत्री आणि दुसरा मुनीम. मुनीम हा गादीवाल्याच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, अल्सेशियन, नाडी आवळलेल्या पिशवीच्या तोंडासारख्या गंभीर चेहऱ्याचा, कुणी हसले तरी हिशेब मागेल असा. वयामुळे यंदाची ही त्याची अखेरची परीक्षा होती. आज उत्तीर्ण झाला, तरच त्याला ती वरची पदवी मिळणार होती, जिच्यासाठी आक्काने चार वर्षे ऊन-थंडी पाहिली नव्हती. शिवाय नियम असा, की परीक्षेतल्या सगळ्या कुत्र्यांना चोर एकच हवा, आणि परवाना असलेला चोर क्लबात गादीवाल्याखेरीज दुसरा नव्हता. त्याने माघार घेतली असती, तर परीक्षाच मोडली असती.

बेकरीवालीच्या कुत्रीची परीक्षा नुकतीच होऊन गेली होती. तिने बाहीचे टोक पकडले, हिसका बसला, ती कुशीवर आदळली आणि मान झटकत उठली. गुण बरे मिळाले. बेकरीवाली आनंदाने डोळे पुसत होती. गादीवाला तंबूत येऊन बसला तो मात्र त्या झटकलेल्या मानेखेरीज दुसरे काही पाहू शकत नव्हता.

तंबूचे कापड बाजूला झाले आणि आक्का आत आली. उभी हयात तिने रुग्णालयात मेट्रन म्हणून काढलेली. दार वाजवून आत येण्याची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

"हात दाखव," ती म्हणाली.

"कशाला?"

"दाखव म्हटलं की दाखवायचा. लहान असल्यापासून सांगतेय."

त्याने उजवा हात पुढे केला. तिने मनगट धरले, नाडीवर बोटे ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटले. जाकीट फळीसारखे वाजले.

"आत काय कोंबलंयस?"

"अस्तर उसवलं होतं. नवं घातलं."

"अस्तर. तुझ्या दुकानात अस्तर आणि ताडपत्री एकाच भावानं जातात वाटतं." ती त्याच्यासमोर बाकावर बसली. "बाळ, ती कुत्री पडली कशी?"

"तिचाच वेग जास्त झाला."

"मला डोळे आहेत. तुझा हात पुढे होता."

मैदानावर मुनीम एकदाच भुंकला.

"घाम फुटलाय तुला," आक्का म्हणाली.

"जाकीट जाड आहे."

"आणि बोटं बर्फासारखी. हे दोन्ही एकदम जाकिटानं होत नाही. त्या काळ्यानं पकडलं तेव्हापासून ना?"

त्याने मान खाली घातली. बेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर निम्मे केस पांढरे झाले असताना, थोरल्या बहिणीसमोर शाळेतल्या मुलासारखे बसावे लागणे त्याला नको होते. पण त्याहून नको होते ते बाहेर जाणे.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," तो कसाबसा हसत म्हणाला. "जाईल हळूहळू."

"हळूहळू जाईल तोवर माझ्या कुत्र्याची मान जाईल. मी मुनीमला काढून घेते."

"नको." तो ताडकन उठला. "आक्का, तू आत्ता काढून घेतलंस तर सगळे विचारतील, का. काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

"म्हणजे माझं नाक कापशील."

"नाक परत उगवतं. मी वॉर्डात पाहिलंय."

इतक्या भीतीतही त्याला हसू आले आणि ते हसू तोंडातच सुकले. "मुनीमची पदवी जाईल," तो म्हणाला. "तुझी एवढी वर्षं जातील. ती माझ्या डोक्यावर ठेवून मी जगू कसा? एकदाच, आक्का. बाही छातीशी ठेवीन. मला सांगता येतं, हात कुठे आहे ते. बावीस वर्षं हेच करतोय मी."

आक्काने त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. रुग्ण बरा आहे म्हणतो, तेव्हा त्याच्याकडे पाहावे तसे.

"छातीशी," ती म्हणाली.

"छातीशी."

"नाही जमलं तर मी ओरडेन. मग माझ्यावर रुसायचं नाही."

एवढे बोलून ती गेली. गादीवाल्याने बाही चढवली, पट्टा दातांनी ओढून घट्ट केला आणि छडी उचलली. उसने अवसान आणून तो मैदानावर निघाला.

पहिला भाग नीट पार पडला. तो आडोशाआड उभा राहिला, मुनीमने त्याला शोधून काढले आणि समोर बसून, अंगाला स्पर्श न करता, भुंकत राहिला. त्या भुंकण्याचा प्रत्येक ठोका गादीवाल्याच्या बरगडीवर, नेमका त्या जुन्या जागेवर बसत होता. त्याने नजर मुनीमच्या कपाळावर खिळवली. दातांकडे पाहायचे नाही, हे तो नवशिक्यांना शिकवीत असे. आता तो स्वतःला शिकवीत होता. पळून जाण्याचा आव आणल्यावर मुनीमने त्याला मागून धरले, "सोड" म्हणताच सोडले. मागून येणारे दात त्याला सोसत होते. समोरून येणारे अजून बाकी होते.

परीक्षक परगावचे, उंच आणि मितभाषी होते. त्यांनी हात वर करून त्याला मैदानाच्या टोकाला पाठवले. तिथे पोहोचून तो वळला. दुसऱ्या टोकाला आक्का उभी होती, तिच्या गुडघ्याशी मुनीम बसलेला. मधले गवत मोकळे, सपाट आणि लांबलचक. परीक्षकांनी खूण केली.

गादीवाला धावत सुटला. छडी उगारून, घशातून आरोळी काढत तो आक्काच्या दिशेने धावला, कारण चोराने धावायचे असते. आरोळी त्याच्या कानांना परक्या माणसाची वाटली. पलीकडून "जा" ऐकू आले आणि मुनीम सुटला.

आधी तो गवतावरचा एक ठिपका होता. मग त्याला कान आले. मग पंज्यांचा आवाज जमिनीतून गादीवाल्याच्या तळव्यांत शिरला. बाही छातीशी, तो मनात म्हणत होता, बाही छातीशी, बाही छातीशी. काखेखालची ती जागा भाजल्यासारखी जळत होती. परंतु पाय थांबले नव्हते. मी धावतो आहे, त्याला वाटले. मी पळून गेलो नाही. हात छातीशी आहे. मुनीमचे तोंड उघडले. जिभेच्या कडेचा ओला लाल रंग दिसला. आता झेप, आता.

"मुनीम, ये."

आवाज मोठा नव्हता. वॉर्डाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोहोचेल इतकाच होता. झेपेसाठी दबलेले मुनीमचे अंग मोडल्यासारखे वळले, पुढचे पंजे गवतात रुतले, मातीचे ढेकूळ उडाले आणि कुत्रा गादीवाल्यासमोरून, अंगावर वारा घालत, बाजूला निघून गेला. गादीवाल्याने वळून पाहीपर्यंत तो मालकिणीकडे धावू लागला होता.

गादीवाला तसाच पुढे धावत गेला आणि मग थांबला.

"बाई," परीक्षक म्हणाले, "परत बोलावलंत. या भागाला शून्य."

"ठाऊक आहे," आक्का म्हणाली.

"पदवी मिळणार नाही."

"तेही ठाऊक आहे. तुम्ही लिहा."

गादीवाल्याच्या भीतीची जागा आता संतापाने घेतली. तो मैदान तुडवत तिच्याकडे निघाला. तिने सगळ्यांदेखत त्याच्यावर अविश्वास दाखवला होता. तो उभा होता. बावीस वर्षांत आला नव्हता एवढा भीतीचा लोंढा अंगावर घेऊन तो उभा राहिला होता, आणि हिने शेवटच्या क्षणी ते त्याच्या हातून काढून घेतले. बेकरीवाली त्याच्या वाटेतून मागे सरली. तिची नजर त्याच्या तोंडाकडे नव्हती, हे त्याला रागाच्या भरात उमगले नाही.

"मी उभा होतो," तो आक्कासमोर येऊन म्हणाला.

"होतास."

"मी थांबलो नाही. वळलो नाही. बाही छातीशी होती माझी. मग का बोलावलंस?"

मुनीम तिच्या पायाशी बसून धापा टाकत होता. परीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता.

"सांग ना. छातीशी होती की नव्हती?"

"बाळ," आक्का अगदी हळू म्हणाली, "आत्ता कुठे आहे?"

त्याने खाली पाहिले. बाही छातीशी नव्हती. डावा हात कोपरातून ताठ, खांद्यासमोर सरळ पुढे निघालेला होता, एखाद्या परक्या माणसाने त्याच्या अंगाला वासा ठोकून ठेवावा तसा. सबंध मैदान तो तसाच ओलांडून आला होता. त्याने हात खाली घ्यायचे ठरवले. हात खाली आला नाही.

"आक्का," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "तो माझं ऐकत नाहीये."

मैदानावर धावताना वाटलेली भीती या भीतीपुढे काहीच नव्हती. कुत्र्यापासून पळता येते, प्लंबर गाव सोडून जातो, जाकिटाला अस्तर लावता येते. पण जो हात आपल्याच खांद्याला लागलेला आहे आणि आपल्याला तोंडावर खोटे सांगतो, त्याच्यापासून कुठे जायचे? मुनीमचे तोंड त्या ताठ हाताच्या टोकाला बसले असते. त्याची मान. त्याची ती गंभीर, हिशेबी मान.

आक्काने बाहीचा पट्टा सोडला. तिने ती ओढली नाही; एक हात त्याच्या कोपराखाली घातला, दुसरा मनगटाला धरला आणि अवघडलेल्या रुग्णाचा सांधा हलवावा तशी ती वाट पाहत थांबली. "श्वास सोड," ती म्हणाली. "मी आहे. घाई नाही." पुष्कळ वेळाने कोपर थोडे वाकले, मग आणखी थोडे. बाही गवतात पडली. हाताला घाम आणि तागाचे व्रण होते.

"चोर म्हणून पुन्हा उभं राहायचं नाही," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत."

"आणि परवाना?"

"तो मी उद्या परत करून येते. तुझ्या हातून होणार नाही ते."

"मुनीमचं सगळं गेलं, आक्का. माझ्यामुळे."

"मुनीमला पदवी खाता येत नाही." तिने तोंड फिरवून मुनीमच्या गळ्यात साखळी अडकवली आणि तिचे टोक भावापुढे धरले. "धर. गाडीपर्यंत तू ने त्याला. मला परीक्षकांकडे सही करायची आहे."

गादीवाला एक पाऊल मागे सरकला. मुनीम मान वर करून त्याच्या उघड्या डाव्या हाताकडे पाहत होता. हल्ला अर्धवट राहिलेल्या कुत्र्याचे अंग कसे तापलेले असते, हे गादीवाला पुरेपूर जाणून होता. त्या अंगातली थरथर त्याला दोन हातांवरून दिसत होती.

"बाही घालू?" त्याने विचारले.

"नको."

त्याने उजव्या हाताने साखळी धरली. डावा हात पुन्हा पुढे निघेल या धाकाने त्याने तो जाकिटाच्या आत घालून छातीशी दाबून धरला. मुनीम उठला, त्याच्या डाव्या बाजूला येऊन चालू लागला, आणि प्रत्येक पावलागणिक कुत्र्याचा खांदा त्याच्या मांडीला लागत राहिला. गाडी कुंपणापलीकडे होती. गादीवाला खाली न पाहता चालत राहिला.