दिवसाआड पाणी

खालापुरात कासारांची घरं तीन, पण आसपासच्या गावांतल्या बायका वाट बघायच्या ती गौराबाईची. तिचा नवरा भिकाशेट पेठेत दुकान मांडून बसे आणि गौराबाई बांगड्यांचं गाठोडं घेऊन घरोघर जाई. बावीस वर्षं हाच शिरस्ता. शेतात राबून हात आखडलेल्या बाईलासुद्धा ती एक माप लहान बांगडी चढवी, आणि दहा घरांत एखादीच फुटे. समोरच्या बाईचा हात ती मांडीवर घ्यायची, सासूचं, गुराढोरांचं काहीबाही बोलणं काढायची, आणि अंगठ्याच्या बुडाशी हात कधी सैल पडला ते त्या बाईच्या आधी हिला कळायचं. भरून झालं की चालीप्रमाणं बाई उठून कासारणीच्या पाया पडायची. मग सुपारी, मूठभर तांदूळ आणि पुढचं घर.

तेहतीस सालच्या पावसाळ्यात तिला शौचाचा त्रास सुरू झाला. मूळव्याध समजून तिनं सुरण खाल्ला, वैदूच्या पुड्या घेतल्या. दिवाळीपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि वाट बंद झाली. भिकाशेटनं तिला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. आत गाठ होती. डॉक्टरांनी गाठ काढली, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि बेंबीच्या डावीकडं आतड्याचं तोंड पोटावर काढून दिलं. सव्वा महिन्यानं ती घरी आली.

त्या तोंडावर तिचा ताबा नव्हता. पहाटे, जेवताना, बोलता बोलता, कधीही ते वाहायचं. जुन्या लुगड्याच्या घड्या त्यावर ठेवून ती मांजरपाटाच्या पट्ट्यानं आवळून बांधायची. दिवसाला आठ-दहा घड्या धुवाव्या लागत. परड्यात एका बाजूला तिनं त्यांच्यासाठी वेगळी दोरी बांधली होती.

माघात तिनं धीर केला. कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरून बोलावणं आलं होतं. आदल्या दुपारपासून तिनं अन्नाला तोंड लावलं नाही. बांगड्या नीट भरून झाल्या. कारकुनाची बायको पाया पडायला वाकली, तिचं डोकं गौराबाईच्या मांडीपाशी आलं, आणि त्याच वेळी पोटातून आवाज झाला. मागोमाग वास. बाई सरळ झाली, खिडकीपाशी गेली, दोन्ही झडपा उघडल्या आणि पाठ करून तिथंच उभी राहिली. गौराबाई उठली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, भिंतीचा आधार घेत ती बाहेर पडली. गाठोडं घरी आणून तिनं दुकानाच्या फळीवर ठेवलं. त्यानंतर ते भिकाशेटच उघडायचा.

माजघरातल्या खुंटीला एक पिशवी टांगलेली होती. इस्पितळातून निघताना नर्सबाईनं दिलेली. आत पांढरा डबा, त्याला तांबड्या रबराची हातभर नळी, आणि तिच्या टोकाला दुसरी, करंगळीहून बारीक. नर्सबाईनं एकदा करून दाखवलं होतं, पण गौराबाईनं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. शब्द मात्र लक्षात होते. दिवसाआड, ठरल्या वेळी, त्या तोंडातून आत कोमट पाणी सोडायचं. पाऊण तासात आतडं रिकामं होतं आणि पुढं दीड-दोन दिवस गप्प राहतं. "सगळ्यांचंच राहतं असं नाही," नर्सबाई म्हणाली होती, "पण करून बघा."

गौराबाईनं करून बघितलं नव्हतं. काचेची वस्तू किती दाब सोसते आणि त्यानंतर काय होतं, हे तिनं जन्मभर हातांनी ओळखलं होतं. आतडं काचेहून कुठं घट्ट? त्यात शिमग्याच्या सुमाराला कशेळ्याच्या बाजारातून बातमी आली, की इस्पितळात शेजारच्या खाटेवर होती ती चंद्राबाई गेली. तिलाही असाच डबा मिळाला होता. पोटात पाणी सोडून सोडून मेली, असं लोक म्हणत होते. त्या दिवसापासून गौराबाईनं खुंटीकडं बघणंही सोडलं.

चैत्रात सावरोलीची अंबाबाई दुकानात आली. तिच्या हिरूला पाचवीच्या दिवशी पहिली बांगडी गौराबाईनं घातली होती.

"हिरूचं लगीन ठरलं," अंबाबाई म्हणाली. "वैशाखात. ती म्हनते, चुडा भरीन तर गौराबायच्याच हातानं."

"शेट येतील. त्यांचा हात चांगला हाय."

"सांगून झालं. ऐकत नाय. तुमी बसून भरा, गाठोडं आमची मानसं नेतील. उठायला नको, वाकायला नको."

गौराबाई हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही. अंबाबाई गेल्यावर भिकाशेट गिऱ्हाइकानं विसकटलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवत म्हणाला, "त्या कारकुनाकडं दिवसभर उपाशी गेलीस तर चक्कर आली. लग्नघरात चाळीस बाया असतील. किती दिवस उपाशी राहशील?"

"मग काय करू?"

तो माजघराकडं बघत राहिला.

"तिकडं बघू नका," ती म्हणाली. "चंद्राबाय त्यानंच गेली."

"कुनी सांगितलं?"

"बाजारात बोलतात."

"बाजारात तुझ्याबद्दल काय बोलतात, ठाव हाय?"

तिनं घरंगळलेली एक बांगडी उचलून त्याच्यापुढं ठेवली.

"विचारून तर येऊ," तो म्हणाला. "तिची सून असंल घरात."

कशेळ्याच्या बाजाराच्या दिवशी दोघं निघाली. गौराबाईनं दुहेरी घडी बांधली होती आणि पुन्हा उपास धरला होता. खोपोलीहून कर्जतला गाडीनं, तिथून बैलगाडीनं. कर्जतला मालधक्क्याच्या आडोशाला तिला घडी बदलावी लागली. रिकाम्या पोटालाही ते तोंड गप्प बसत नव्हतं.

चंद्राबाईचं घर गावाच्या कडेला होतं. तिची सून इंदूबाई अंगणात मिरच्या पसरत होती. गौराबाईनं ओळख सांगितली तसे तिनं हात पुसले.

"खालापूरच्या ना? आत्याबाई तुमचं नाव घ्यायच्या. पलीकडच्या खाटंवरची कासारीन, म्हनायच्या."

भिकाशेट पायरीपाशी थांबला, मग बाजार बघून येतो म्हणून निघून गेला. गौराबाई ओटीवर टेकली.

"कशानं गेल्या गं?"

"गाठ परत आली. ह्या वेळी वर, बरगडीच्या खाली. डॉक्टर म्हनले, आता कापून उपेग नाय."

"पान्यानं नाय?"

"पान्यानं कशाला? पानी तर शेवटच्या महिन्यापत्तूर सोडत होत्या. डबा मीच धरायची."

पाण्याचं भय घेऊन गौराबाई आली होती. ते उतरायच्या आतच दुसरं, गाठीचं, समोर येऊन बसलं, आणि त्यावर कुणाच्या डब्याचा इलाज नव्हता. इंदूबाईनं गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. गौराबाईनं पाणी तेवढं घेतलं.

"मला सांग तरी, कसं करत होतीस?"

"पयले आठ दिवस लई वाईट गेले, मावशी. खोटं कशाला सांगू? आत्याबाईनी मला शिव्या दिल्या, डब्याला दिल्या, त्या नर्सला दिल्या. पानी जायचं तसंच उलटं उडायचं. नायतर आतच राहायचं आनि भर दुपारी, चार मानसं बसलेली असताना यायचं. मग कळलं, आमी दोन तांबे घेत होतो. एकच पुरतो. आनि डबा वर वाशाला टांगत होतो, त्यानं पानी जोरात यायचं. तो खांद्याबरोबर धरायचा. मुरडा आला की नळी चिमटायची, दम खायचा, मग सोडायची."

"आनि नळी अडली तर?"

"अडते. पोट आवळलेलं असतं तवर अडते. ढकलायची नाय. खोबरेल लावून थांबायचं."

"त्याना भ्या नाय वाटलं?"

"वाटायचं की. दर वेळी. भ्या वाटायचं आनि करायच्या."

"मग झालं काय त्यानं?"

"नेरळला भाचीकडं बारशाला गेल्या. दोन दिवस राहिल्या. येताना पंगतीतलं काय काय खाल्लं ते सांगत आल्या." तिनं एक मिरची उचलून उन्हात सरकवली. "तेवढंच झालं. गाठीला काय पानी कळतं?"

परतीला पुन्हा बैलगाडी केली. वाटेत कधीतरी गौराबाईच बोलली.

"गाठीनं गेल्या. परत आली व्हती."

"हं."

"माझी पन येईल."

भिकाशेट बैलांच्या शिंगांकडं बघत होता. "येईल," तो म्हणाला. "नायतर नाय यायची."

कर्जतच्या फलाटावर खोपोलीच्या गाडीची वाट बघत दोघं बसली. गौराबाईला चंद्राबाई आठवत होती. इस्पितळात ती सतत कुरकुर करायची, डाळीत पाणी जास्त म्हणायची. अशी बाई भीत भीत दिवसाआड नळी धरून बसायची, हे तिच्या डोळ्यांपुढं येत नव्हतं. गाडीचा दिवा लांबून दिसला तेव्हा ती म्हणाली, "उद्या दुकान उशिरा उघडा. डबा धरायला मानूस लागंल."

दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाट मांडला, समोर घमेलं ठेवलं. मध्ये जुनं लुगडं आडवं लावलं आणि त्याच्या पलीकडं भिकाशेट डबा खांद्याबरोबर धरून उभा राहिला. नळी दोन बोटं गेली आणि अडली. तिनं ती ओढून काढली. सगळं पाणी पोटावरून मांडीवर आलं. त्या दिवशी एवढंच. तिसऱ्या दिवशी नळी गेली, पण असा मुरडा आला की तिला घाम फुटला आणि ती अर्ध्यावर उठली. त्याच्या पुढल्या खेपेला तांब्याभर पाणी आत गेलं आणि आतच राहिलं. तासभर वाट बघून ती चुलीपाशी गेली. भाकरी थापताना ते सगळं एकदम आलं. पट्टा, लुगडं, चुलीपुढची जमीन, सगळं भरलं.

तिनं सगळं धुतलं, सारवलं, मग न्हाणीत जाऊन डबा भिंतीवर फेकला. मुलाम्याचा कपचा उडाला.

"नाय करायचं मला," ती म्हणाली. "घान ती घानच. कशाला नखरे?"

भिकाशेटनं डबा उचलला, भोक पडलंय का ते उजेडाकडं धरून पाहिलं, आणि खुंटीला लावला.

चार दिवस तिनं त्याचं नाव काढलं नाही. घड्या धुतल्या, वाळवल्या, बांधल्या. पाचव्या दिवशी एक नवी सून दुकानात आली. भिकाशेट तिला बांगडी भरत होता आणि पोरीनं हात असा आवळला होता की बांगडी बोटांच्या पेरांवरच अडली. गौराबाई आतून बघत होती. "बोला तिच्याशी," ती आतूनच म्हणाली. "माहेर कुठलं, विचारा." भिकाशेटनं विचारलं. पोर सांगू लागली, आणि बांगडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपणहून पाणी कोमट केलं. पाटावर बसून नळीला खोबरेल लावलं, तोंडाशी टेकवली आणि थांबली. बोटाखाली पोट दगडासारखं लागत होतं.

"बोला कायतरी," ती लुगड्यापलीकडं म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. काल दुकानात कोन आलं ते."

भिकाशेट तसा चार शब्दांचा माणूस. पण तो सांगू लागला. ती नवी सून खोपोलीची. वावोशीची एक म्हातारी आली, तिला पिवळ्याच हव्या होत्या, पिवळ्या नव्हत्या. शिळफाट्याच्या एकीनं दोन डझन बघितल्या आणि एकही न घेता गेली. तो सांगत होता, आणि बोटाखाली पोट हळूहळू मऊ होत गेलं. नळी चार बोटं गेली. पाणी सुटलं. एकदा मुरडा आला, तिनं नळी चिमटली, मुरडा गेला. पाऊण तासात घमेल्यात येण्यासारखं सगळं येऊन गेलं. तिनं ते परड्यातल्या खड्ड्यात टाकलं, वर राख लोटली. संध्याकाळी घडी सोडून पाहिली तर कोरडी होती. तिला खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहिली, तेव्हाही कोरडीच.

वैशाखापर्यंत पाचांतल्या चार वेळा नीट होऊ लागलं. पाचवी वेळ कोणती, ते आधी कळायचं नाही. हिरूच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पाणी घेऊन, भाकरी खाऊन ती सावरोलीला गेली. मांडवात घोंगडीवर बसून तिनं आधी हिरूला हिरवा चुडा भरला, मग करवल्यांना, मग गावातल्या बायकांना. दुपारी एकीचा हात मांडीवर असताना पोट गुरगुरलं. त्या बाईनं मान वर केली.

"पोट बोलतंय," गौराबाई म्हणाली. "दुसरा हात दे."

बाईनं दुसरा हात दिला. निघताना हिरू वाकून पाया पडली तेव्हा गौराबाईनं पट्ट्यावर हात दाबून धरला होता. काही झालं नाही. तीन बांगड्या फुटल्या, त्या तिच्या हिशेबात जास्तच होत्या. हाताची सवय मोडली होती.

त्यानंतर ती पुन्हा घरोघर जाऊ लागली, दिवसाआड. काही घरांनी बोलावलं नाही. कारकुनाच्या घरी ती स्वतःच गेली नाही. ज्येष्ठात पोट बिघडलं तेव्हा आठ दिवस पाण्याचा काही उपयोग झाला नाही, आणि तिनं डब्याला पुन्हा शिव्या दिल्या.

आषाढात तपासणीला मुंबईला जायचं होतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, बरगडीच्या खाली बराच वेळ दाबलं. गौराबाई छताकडं बघत होती.

"आत्ता तरी गाठ लागत नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी या. पाणी घेता का?"

"घेते."

त्यांनी कागदावर काही लिहिलं.

तिथून दोघं भुलेश्वरला गेली. व्यापाऱ्यानं बांगड्यांच्या माळा पुढं टाकल्या. गौरी-गणपतीचा माल काढून झाल्यावर भिकाशेट पैसे देऊ लागला, तर गौराबाईनं त्याचा हात धरला.

"दिवाळीचा पन आत्ताच घ्या."

"दिवाळीचं दिवाळीला बघू की."

"आत्ताच घ्या. दिवाळीला गाठोडं मीच नेनार हाय," ती म्हणाली, आणि व्यापाऱ्याला वावोशीच्या म्हातारीसाठी पिवळ्या दाखवायला सांगितलं.