धुराच्या खोलीतला तात्या

मी तात्या बोलतोय. बजाजनगरच्या पलीकडं एक टिनाची शेड आहे, तिथं आगीचा बंब उभा असतो. त्या बंबाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला वाळूचा माणूस तुम्ही बघितला असेल, तर तो मीच. नसेल बघितला तरी काही बिघडत नाही. मला मुद्दाम बघायला कोणी येत नाही. जी माणसं बघतात ती धुरात, तोंडाला मास्क लावून, आणि तेही मी सापडलो तर.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा शहाणपणाचं काही माझ्याकडं मागू नका. एक गोष्ट डोक्यात अडकून बसलीय, तेवढी सांगतो. मला ती कळलेली नाही. तुम्हाला कळली तर बघा.

माझा जन्म गारखेड्यात, एका गादीवाल्याच्या दुकानात. त्यानं ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचे हातपाय शिवले, पोटात वाळू ठासली आणि डोक्यात चिंध्या भरल्या. डोकं पण वाळूचं केलं तर मान तुटंल म्हणाला. म्हणून माझं डोकं असं हलकं राहिलं. नाकडोळे एका पेंटरनं काढले. एक डोळा मोठा, एक बारीक. पैसे देणाऱ्यानं विचारलं तर म्हणे, धुरात कोण बघतंय. अंगानं मात्र मी चांगला थोराड आहे. मला उचलताना भल्याभल्यांची कंबर धरते.

इथल्या चार-दोन कारखान्यांनी मिळून हा बंब ठेवलाय आणि बंबावर माणसं. आग काही रोज लागत नाही, म्हणून ही माणसं माझ्यावर हात बसवतात. ओला भुसा पेटवून खोलीत धूर करायचा, मला कुठंतरी पिंपांमागं टाकायचं आणि मग शोधत यायचं. जगात माझ्याइतक्या वेळा कोणी वाचलं नसेल.

बंबाच्या प्रमुखाचं नाव कारभारी. आवाज असा, की भोंगा नसता तरी चाललं असतं. त्यानं माझ्याबाबतीत एक शिस्त घालून दिली होती. तात्याला पायाला धरून ओढायचं नाही. आधी खांद्यावर हात ठेवायचा आणि विचारायचं, तात्या, ऐकू येतंय का. माझं डोकं कुठं आपटलं तर माफी मागायची. नवी पोरं फिदीफिदी हसायची. कारभारी म्हणायचा, आज हसून घ्या, उद्या ह्याच्या जागी कोणाचा तरी बाप असंल. माणसं विचारायची खरी, पण उत्तराला थांबलं नाही कोणी. असो.

त्या सगळ्यांत बुद्धभूषण माझ्या जवळचा. अजिंठ्याकडच्या खेड्यातला, बोलायला कमी. दुखणाईत माणसाला उचलावं तसा उचलायचा मला. पायऱ्या उतरताना दम लागला की कानाशी पुटपुटायचा, "तात्या, जरा जेवण कमी करा आता." एवढीच काय ती त्याची गंमत.

मागच्या उन्हाळ्यात फौजेच्या कुठल्याशा कॉलेजातून प्रेरणा मॅडम आल्या. फौज म्हटल्यावर मला वाटलं बंदुका येतील. आली ती पाण्याची बाटली आणि ढीगभर सवाल. जिथं एका चुकीनं माणूस जातो, अशा जागी माणसं कशी वागतात, याचा त्यांचं कॉलेज अभ्यास करतंय म्हणे. पाणबुडीवाले झाले, ऑपरेशनवाले डॉक्टर झाले, आता बंबवाले. कारभारीनं विचारलं, फौजेला ही उठाठेव कशाला? मॅडम म्हणाल्या, समोर चूक दिसत असते आणि माणूस गप्प बसतो. तो का बसतो, ते आम्हाला शोधायचंय.

कारभारी हसला. "आमच्याकडं गप्प कोणी नाय बसत, मॅडम. दिवसभर कान किटतात माझे."

मग शेडमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत, दोघांनी एक बेत ठरवला. वाळूच्या माणसापुढं लोक काहीही बोलतात. बेत असा, की मला धुराच्या खोलीत ठेवायचं, आणि माणसं आत शिरली की कारभारीनं वॉकीटॉकीवर सांगायचं, खोली रिकामी आहे, बाहेर या. ज्याला मी दिसेन तो बोलतो का, एवढंच बघायचं. माझ्या चिंध्यांत काही हे शिरलं नाही. खरं काढायला खोटं कशाला बोलावं लागतं? पण कारभारी बिनधास्त होता. बुद्धभूषणला पुढं घालतो म्हणाला, तुमचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच बोंबलंल.

मीपण बिनधास्त होतो. पिंपांमागं आरामात पडलो.

धूर दाटला. बॅटरीचा उजेड माझ्या पायावर आला, मग तोंडावर. बुद्धभूषण गुडघ्यावर बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात त्याच्या छातीवरची वॉकीटॉकी खरखरली. "खोली रिकामी हाय. समदे बाहेर."

त्याचा हात माझ्या खांद्यावरून उठला. त्यानं माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं, परत माझ्याकडं. अंगठा वॉकीटॉकीच्या बटनावर होता. नुसता होता. मग तो उठला आणि निघून गेला.

धुराचं मला काही होत नाही. छातीत वाळू आहे. तरी त्या दिवशी मला कसंसंच झालं.

बाहेर चहा घेताना मॅडमनी सगळं खरं सांगून टाकलं. माणसं चिडली. बुद्धभूषण आधी म्हणाला, साहेबांनी तात्याला दुसरीकडं हलवलं असंल असं वाटलं, हा दुसरा कोणी असंल. दुसरा तात्या कुठून आणला रे, म्हणून सगळे हसले. तो हसला नाही. कपाकडं बघत म्हणाला, "मला दिसला होता. मी बोललो नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारभारीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, मला कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला टाका. कारभारी म्हणाला, येडा झाला का, तात्याच तर होता. बुद्धभूषण म्हणाला, "तात्या होता म्हणून बोललो नाय, का बोलायची हिंमतच नाय, ते मलाच कळंना, साहेब. गेटवर कोणाला वाचवायचं नसतं."

कारभारीचा सगळा राग मॅडमवर निघाला. तुमच्या अभ्यासापायी माझा सगळ्यात चांगला माणूस गेला म्हणाला. मॅडमनी ऐकून घेतलं. मग बंबाकडं बघत म्हणाल्या, "बंब फार स्वच्छ ठेवता तुम्ही."

कारभारीला तेवढ्यातही अभिमान वाटला. त्याची एक गंमत आहे म्हणाला. आमच्याकडं हुकूम एकदाच. त्यावर कोणी फिरून विचारलं, की त्यानं बंब धुवायचा. नवीन असताना बुद्धभूषणनं लई वेळा धुतला, सारखं विचारायचा, साहेब हे असं का, तसं का. सांगता सांगता कारभारी हसत होता. मग हसू कमी झालं. मग थांबलंच. मलाही ती धुण्याची गंमतच वाटत आली होती. लोक पाणी उडवायचे, मजा करायचे. त्यात वाईट काय होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

संध्याकाळी कारभारीनं सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, धुणं बंद. आजपासून मला शंभरदा विचारा. कोणी हूं का चूं केलं नाही. मॅडम गेल्यावर एकजण दुसऱ्याला म्हणाला, हीपण परीक्षाच असंल, गप बस. म्हणजे विचारा म्हणून सांगितलं, तर माणसं आणखीनच गप्प झाली. आता बोला.

बुद्धभूषणला गेटवर जायला चारच दिवस उरले होते. त्याच्या जागी नवा माणूस येईपर्यंत तो बंबावर होता, इतकंच. मधल्या काळात माझ्या पोटाची शिवण उसवली, वाळू गळायला लागली, म्हणून मला बाहेर लिंबाखाली टेकवलं. माझ्या जागी जुन्या कपड्यांचं एक गाठोडं आत टाकलं.

ड्रिल मी पहिल्यांदाच बाहेरून बघत होतो. गाठोडं घेऊन दोघं बाहेर आले. कारभारी म्हणाला, झालं, खोली रिकामी, आवरा. आणि ह्या वेळी खरंच रिकामी होती. मॅडम नव्हत्या, बेत नव्हता, काही नव्हतं.

बुद्धभूषण दारात थांबला. "साहेब, पिंपांमागं बघितलं नाय."

"रिकामी हाय म्हणलं ना."

"व्हय. तरी बघतो."

आणि गेला आत. बाकीचे त्या जाड कोटांत, उन्हात, घाम पुसत उभे. एकजण पुटपुटला, आत काय मधाचं पोळं हाय का. कारभारीची मान लाल झाली. ते तोंड मला चांगलं ठाऊक आहे. शिवी ओठापर्यंत आली की मिशी हलते त्याची. मिशी हलली. तोंड उघडलं नाही.

बऱ्याच वेळानं बुद्धभूषण खोकत बाहेर आला, कोळशासारखा काळा होऊन. मास्क काढून म्हणाला, "कोणी नाय."

कारभारीनं त्याच्याकडं बघितलं. सगळे कारभारीकडं बघत होते.

"बरं," कारभारी म्हणाला. "आता रिकामी."

त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला गेटवर ठेवलं. बुद्धभूषण बंबावर.

माझं म्हणाल तर आता भरवसा नाही. परदेशी रबराचा डमी येणार आहे म्हणतात, त्याला श्वासपण घेता येतो. येऊ दे. मला टाकायचं तर खुशाल टाका, माझी वाळू कुठंतरी खड्ड्यात कामाला येईल. तोवर दुपारी जरा निवांतपणा मिळाला की बुद्धभूषण दाभण आणि सुतळी घेऊन माझं पोट शिवत बसतो. टाका ओढताना तो माझ्या तोंडाकडं बघत नाही. मला विचारायचं असतं, पण मला वाचा नाही. तुम्हाला आहे. कधी इकडं आलात तर माझ्यासाठी त्याला एवढं विचारा. मी आत होतो, तेव्हा तू मला बघून निघून गेलास. मी आत नव्हतो, तेव्हा धुरात शिरून शोधून आलास. तर बाबा, मला वाचवलंस ते कधी?