धूर उतरला तिथे

"तू फक्त चपला घाल, बाकीचं मी बघतो," असं म्हणत वारेमास्तर अक्काची पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले.

वेधशाळेत तीस वर्षं रोज सकाळी फुगा सोडून वाऱ्याची दिशा लिहिणाऱ्या माणसाला गल्ली दुसरं काय नाव पाडणार? अक्का त्यांची थोरली बहीण. दमा जुना, पण जिभेला कधी धाप लागली नाही. जंगल पेटलं ते तिच्या घरापासून दोन डोंगर पलीकडे. बातमी ऐकून मास्तर मिळेल त्या गाडीनं तिला न्यायला आले. अक्का परोपरीनं सांगत होती, अरे, वर बघ, आभाळ कसं लख्ख आहे, मला कशाला हलवतोस. मास्तरांनी ऐकलं नाही. धाकटा लहानपणापासून हट्टीच, असं पुटपुटत ती निघाली.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या शहरावर धूर उतरला. वणव्याच्या तापानं तो सरळ उंच चढला होता, वरच्या वाऱ्यानं चारशे किलोमीटर वाहून आणला, आणि शहरावरची हवा जड होऊन खाली बसत होती, तिच्याबरोबर तोही बसला. हे मास्तरांनी नव्या माणसांना कितीदा फळ्यावर काढून शिकवलं होतं! बहिणीच्या वेळी मात्र अक्कल गहाण पडली. आग जवळ म्हणजे धूर जवळ, एवढंच सुचलं. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली, तरी अक्काच्या छातीतली शिट्टी थांबेना. इस्पितळात पाचव्या दिवशी ती गेली. आदल्या दुपारी तिनं तोंडावरचा प्राणवायूचा मास्क बाजूला केला. चार शब्द सुनावले असते तर मास्तरांना सोसलं असतं. ती म्हणाली, "तू न्यायला आलास ना, फार बरं वाटलं रे."

पुढच्या महिन्यात ते तिचं घर आवरायला गेले. शेजारीण अंगणात गादी उन्हात टाकत होती. अक्काची चौकशी करून, डोळे पुसून ती म्हणाली, "बातम्यांत नुसता धूर धूर. इथं एक दिवस आला नाही बघा."

"येणार नव्हताच," मास्तर म्हणाले. "मला ते माहीत होतं."

तिला काही उमजलं नाही. ती चहा टाकायला आत गेली. मास्तर अक्काच्या पायरीवर बसले. हवा इतकी स्वच्छ होती की छाती भरून श्वास घ्यावा. त्यांना तो घेववेना.